इनास, तुझा तो शाईचा डाग

इनास,

परवा एक रिक्षावाला दुकानात आला आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "मोठे काका नाहीत का आज?" गेले, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर "गावाला गेलेत." तो म्हणाला, आले की सांगा, माझ्या बाहुल्याची टोपी सुटलीय. टोपी चिकटवायला दोन मिनिटं लागतात, मीही चिकटवली असती. पण त्याला तूच हवा होतास, आणि खरं सांगू का, मलाही त्याला थांबवावंसं वाटलं नाही. तो गेल्यावर मी बराच वेळ काउंटर पुसत बसलो.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. मातीला आलो होतो मी. भुईगावच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो होतो. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते कळत नव्हतं, पुढच्या म्हाताऱ्याचं बघून करत होतो आणि दर वेळी थोडा मागेच राहत होतो. लोक मला ओळखत होते. इनासचा पार्टनर म्हणून कुणी हात धरत होतं, कुणी खांद्यावर थोपटत होतं. सात महिने आपण एकमेकांशी बोललो नव्हतो हे तिथे फक्त सिसिल वहिनींना ठाऊक होतं, आणि त्यांनीच मला हाताला धरून पुढे घरच्यांत नेऊन बसवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्यासमोर हे शब्द वापरतोय, राग मानू नकोस.

त्या दिवशी काही बोलता आलं नाही. आता बोलतो. मला लिहायची सवय नाही हे तू जाणतोस. आयुष्यभर जे काही लिहिलं ते गाड्यांच्या मागे, आणि त्यातलेही ऱ्हस्व-दीर्घ तू तपासायचास. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, पण एकदम सांगायचा धीरही होत नाही, म्हणून जरा लांबून येतो. तुला माझी ही सवय माहीत आहे. "दिन्या, नाक्यावर यायला तू आधी मनवेलपाड्याला जाऊन येतोस," असं म्हणायचास.

आपली गाठ पडली ती रेडियममुळे. त्याचं खरं नाव व्हिनाईल, रोलच्या पुठ्ठ्यावर तसं छापलेलं असतं, पण चंदनसारला एवढ्या वर्षांत कुणी व्हिनाईल मागितलेलं मला आठवत नाही. चिकटणारं रंगीत प्लास्टिक म्हणजे रेडियम, ते अंधारात चमको नाहीतर न चमको, आणि आपण रेडियमवाले. तू कटरने हाताने अक्षरं कापायचास, मी ती गाडीला चिकटवायचो. काचेच्या आतल्या बाजूने लावायचं असलं की अक्षरं उलटी कापावी लागतात, म्हणून गाडी उभी राहिली की तुझा पहिला प्रश्न, आतून की बाहेरून? एकदा तू जेवायला बसला होतास, मी विचारायला विसरलो, आणि एका टेम्पोच्या मागच्या काचेवर त्याच्या कुलदेवीचं नाव उलटं लागलं. टेम्पोवाला माझ्या अंगावर धावून आला. तू हात धुऊन शांतपणे बाहेर आलास, त्याला टेम्पोत नेऊन बसवलंस आणि म्हणालास, आता वाचा. आतून ते सरळ दिसत होतं. देवीचं नाव तुमच्यासाठी आहे की मागच्या ट्रकवाल्यासाठी, असं तू त्याला विचारलंस आणि तो बिचारा विचारात पडला. तसाच गेला तो. माझ्या चुका तू अशा निस्तरायचास, आणि नंतर त्याचा उल्लेखही करायचा नाहीस. मला तेव्हा ते साधं वाटायचं.

मग नंबर प्लेटी सरकारी ठशाच्या आल्या आणि आपलं निम्मं काम गेलं. आपण दोघं समोरासमोर बसून माशा मारायचो. तू "पानी दे" म्हणायचास, मी "पाणी म्हण" म्हणायचो, तू म्हणायचास, "तहान भागते ना? मग?" आणि माझं नाकातलं कोकणी बोलणं काढून दाखवायचास. अशाच एका दुपारी शंकर रिक्षावाला तो मान हलवणारा बाहुला घेऊन आला. कोट, टाय, डोक्याला गोल हॅट. शंकर वैतागला होता. म्हणाला, रिक्षा मी चालवतो, हा साहेब समोर बसून नुसता मान हलवतो, याला खाकी घाला. मी हसत सुटलो. तू हसला नाहीस. बाहुला हातात घेऊन त्याचं पोट, खांदे, काख असं सगळं बोट फिरवून बघितलंस, शिंप्याने गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

मग तू त्याच्या अंगाला कागदी चिकटपट्टी गुंडाळलीस, तिच्यावर पेन्सिलीने शिवणी काढल्यास, पट्टी सोलून सपाट केलीस, आणि तो झाला कपड्याचा नमुना. तो खाकी रेडियमवर ठेवून कापलास. वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर दुसऱ्या दिवशी घरून आणलास, कारण गरम केल्याशिवाय रेडियम पोटाच्या गोलाईवर बसत नाही, सुरकुत्या पडतात. बटणं, बिल्ला, खिशातून डोकावणारी गुटख्याची पुडीसुद्धा. शंकरची तक्रार, पोट जास्त झालं. त्याच्या बायकोची तक्रार, कमी झालं. आठवड्यात सगळा रिक्षा स्टँड आपल्या दारात होता.

पुढे तू वीतभर उंचीच्या कोऱ्या पांढऱ्या बाहुल्याच आणायला लागलास. निवृत्त होणारी नर्स, कंडक्टर, शाळेतल्या बाई, पन्नाशीचा केक कापणारा बिल्डर. नाताळ जवळ आला की तुमच्या गावचे लोक गोठ्यातले मेंढपाळ घेऊन यायचे, आणि तू त्यांना चट्ट्यापट्ट्याची लुंगी आणि बनियन घालायचास, म्हातारीला लाल लुगडं. मी म्हटलं, बेथलेहेमला कोण लुंगी नेसायचं? तू म्हणालास, आमच्या वाडीतून गेले असतील तर?

पण तुझं खरं वेड वेगळंच होतं. गिऱ्हाईक फोटो घेऊन यायचं, तू तो बघायचास आणि विचारायचास, "पाठीचा आहे का?" पाठीचा फोटो कुणाकडे असतो रे? लग्नात, वाढदिवसाला, आधार कार्डावर, माणूस तोंड पुढे करूनच उभा असतो. तुझं म्हणणं, बाहुल्याला पाठ असते, ती कोरी कशी सोडायची. मग तू त्यांना खुर्चीत बसवायचास. फोटो राहू दे, पाठ कशी होती ते सांगा. आणि लोक सांगायला लागायचे. एक मुलगी म्हणाली, आईची वेणी कधी सरळ नसायची, पर्सच्या पट्ट्यामुळे डावीकडे सरकायची. एक गृहस्थ आपल्या भावाच्या बनियनला पाठीवर कुठे भोक होतं ते स्वतःच्या पाठीला हात लावून दाखवत होते आणि दाखवता दाखवता रडायला लागले. मी मागे बसून घड्याळाकडे बघायचो. हे दुकान आहे की दवाखाना, असं एकदा तुला सगळ्यांसमोर विचारलंसुद्धा.

आज मला कुणी तुझा फोटो मागितला तर मोबाईलमध्ये चार आहेत, चारही वाईट. पण पाठ विचारा. माझी जागा तुझ्या मागे होती. कापताना तुझा डावा खांदा खाली जायचा. कॉलर एका बाजूला दुमडलेली, ती तुला कधी दिसली नाही आणि मी कधी सांगितली नाही. मानेवर रोझरीचा काळा दोरा, घामाने शर्टाला चिकटलेला. कानामागे पेन्सिल, आणि ती पेन्सिल शोधत तू सगळं टेबल उलथंपालथं करायचास. तुझी पाठ मला पाठ आहे, इनास. इतकी माझ्याच बायकोची नसेल. ती जागा आता रिकामी आहे आणि समोरचा रस्ता थेट दिसतो, त्याची मला सवय होत नाही.

कापायचं मशीन मी आणलं ते आपल्या भल्यासाठी, हे मी आजही म्हणेन. तू त्याचं नाव ठेवलंस जावई. सकाळी आलास की विचारायचास, जावई उठले का? ब्लेड अडकलं की म्हणायचास, रुसले, काहीतरी गोड घाला. मी चिडायचो. मशीन कापेल तो गोल गोलच असायचा, तुझा गोल जरा दबका. माल एकसारखा हवा, हे माझं पालुपद. तू म्हणायचास, एकसारखी माणसं आणून दे, एकसारखा माल देतो. हा वाद आपण किती वर्षं घातला? चहाबरोबर घालायचो. त्यात राग नव्हता. निदान मला तरी तो आपला खेळच वाटायचा.

तर आता ती गोष्ट.

शिमग्याच्या आधी बोळिंजहून मृणाल आली होती. तिच्या वडिलांना जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि तिच्या आईला शोकेसमध्ये ठेवायला त्यांचा बाहुला हवा होता. तू तिला नेहमीसारखं खुर्चीत बसवलंस. ती तासभर बोलत होती. मी तेव्हा जावयाचं ब्लेड बदलत होतो, माझं लक्ष नव्हतं. तिचे वडील कुठल्याशा कचेरीत कारकून होते एवढं कानावर पडलं. तू आठ दिवस त्या बाहुल्यावर बसलास. शनिवारी काम पुरं केलंस, काउंटरवर ठेवलंस, आणि पुतणीच्या लग्नाला म्हणून लवकर घरी गेलास. ती संध्याकाळी बाहुला न्यायला येणार होती.

मी सहज हातात घेऊन बघितला. सुंदर झाला होता, खोटं कशाला बोलू. कचेरीतली पँट, पायात चपला, पांढरा शर्ट, छातीवर खिसा. आणि खिशाच्या खाली एक निळा तुकडा. तिळाएवढा, कडा वेड्यावाकड्या. तुला माहीत आहे, अक्षर कापल्यावर मधले नको असलेले बारीक तुकडे आपण सुईने उचलतो, त्याला आपण कचरा म्हणतो, आणि तो मेला कुठेही जाऊन चिकटतो. माझ्या जेवणाच्या डब्यात निघालाय, घरी आमच्या शैलाच्या केसात निघालाय. मला वाटलं, तसाच कचरा. मी सुई घेतली आणि उचलायला गेलो. तो निघेना, कारण तू तो गरम करून नीट बसवला होतास. पण माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला नाही. मी जोर लावला, तुकडा निघाला आणि त्याच्याबरोबर शर्टाचा कोपरा उचलला गेला, फाटला. मग मी तुझा सगळा शर्ट सोलून टाकला आणि जावयावर नवा कापला. खिशासकट. एक सुरकुती नाही. छान बसला. मृणाल आली, मी डबा बंद करून तिच्या हातात दिला, ती घाईत होती, तशीच गेली. इनासची चूक मी निस्तरली, असं म्हणत मी शटर ओढलं. मला त्या दिवशी फार हुशार वाटत होतं.

सोमवारी तू आलास आणि चपला काढायच्या आधी विचारलंस, "डाग बघून काय म्हणाली ती?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. डाग. तो डाग होता. तू मग सांगितलंस, तिच्या वडिलांच्या खिशातलं पेन कायम गळायचं, आयुष्यात त्यांचा एक शर्ट असा नव्हता की ज्याला खिशाखाली शाईचा डाग नाही, आई जन्मभर लिंबू आणि मीठ चोळत राहिली. त्यांच्याबद्दल तिने पहिलं काही सांगितलं असेल तर ते हे. तू हे हौसेने सांगत होतास. तेव्हा कपाळावर हात मारून घ्यायला काय झालं होतं मला? अरे, मला कचरा वाटला रे, एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हणालो, "काढला मी तो. मुद्दाम काढला. मेलेल्या माणसाला डाग लावून देतात का कुणी?"

आणि मग ते भांडण. तासभर. जे माझं मत नव्हतंच त्याच्यासाठी मी घसा फोडत होतो. गेलेल्या माणसाला स्वच्छ ठेवावं, घरच्यांना वाईट वाटतं, गिऱ्हाइकाला वाटेल आपलं काम घाणेरडं, काय वाटेल ते सुचत होतं आणि मी बोलत होतो. तू समजावत होतास. तो माणूस त्या डागातच आहे, म्हणत होतास. मध्येच एकदा तू गप्प झालास आणि माझ्याकडे बघत राहिलास, आणि मला ते सहन झालं नाही. तेव्हा मी ते म्हणालो. "तुला स्वच्छ काम जमत नाही, म्हणून डागाचं कौतुक सांगतोस." तू डब्याची पिशवी उचललीस आणि गेलास. कटर टेबलावर तसाच राहिला. मला वाटलं, उद्या येईल.

आता ऐक. मी तो मुद्दाम काढला नव्हता. मला तो कचरा वाटला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, शैलालासुद्धा नाही. तिला मी तत्त्वाचं भांडण झालं असं सांगितलं, आणि ती म्हणाली, तुम्हाला तत्त्व कधीपासून आलं? एकोणीस वर्षं तुझं काम बघून मी ते ओळखू शकलो नाही, त्याला सुई लावली, हे तोंडाने सांगायची लाज वाटली. भांडण त्यापेक्षा सोपं होतं.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या पंधरवड्यात मृणाल परत आली. तिच्या आईने बाहुला हातात घेतला होता, बराच वेळ बघितलं होतं आणि विचारलं होतं, ह्यांचा शर्ट कुणी धुतला? मृणाल मला म्हणाली, काका, तो डाग राहिला का? मी तिला सांगितलं, इनास सध्या येत नाही, आला की बघू. फोन उचलून तुला कळवायचं होतं. तू बरोबर होतास हे त्या माउलीने एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मी ते तुझ्यापासून लपवलं. कळवलं असतं तर तू जिंकला असतास. माझा विचार तेवढ्यापुरताच धावला. शरम वाटते, पण तसंच होतं.

मग दिवस जात राहिले. एकदा तू व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलास, वाडीतल्या केळीच्या खुंटाशी उभा केलेला एक कोरा बाहुला, खाली एक अक्षर नाही. मी बघितला. बघितला हे तुला दिसलंही असणार. उत्तर काय द्यायचं याचा विचार करत दोन दिवस गेले आणि मग उत्तर द्यायची वेळच गेली. गणपतीला तू दर वर्षी यायचास, अकरा मोदक खायचास आणि बारावा वहिनींसाठी म्हणून रुमालात बांधून वाटेत खायचास. या वर्षी आला नाहीस. शैलाने डबा भरून दिला, म्हणाली भुईगावला देऊन या, सणासुदीचं कसलं भांडण. मी म्हटलं, त्याला यायचं तर येईल. मोदक फ्रिजमध्ये कडक झाले. पुढच्या आठवड्यात तुझ्या शेजाऱ्याचा फोन आला, की सकाळी वाडीत पाणी सोडायला गेलास तो तिथेच कोसळलास.

गेल्या रविवारी तुझं सामान द्यायला गेलो होतो. कटर, सुयांचा डबा, वहिनींचा ड्रायर. तो ड्रायर बघून वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या असं तुझी सून म्हणाली. ओट्यावर बसलो. चहा झाला. मी निघायला उठलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बोळिंजची ती मुलगी आली होती इथे. मे महिन्यात." मी परत बसलो. तिच्याकडे तुझा नंबर होता, तू तिला पाठीबद्दल काहीबाही विचारायला फोन करायचास ना, त्यामुळे. बाहुला घेऊन आली होती. तू इथेच, ओट्यावर बसून करून दिलंस. म्हणजे ती आधी दुकानात येऊन गेली, मी तिला काय सांगितलं, सगळं तुला मे महिन्यापासून ठाऊक होतं. मी वहिनींना विचारलं, मग मला काही बोलला का नाही? त्या म्हणाल्या, "मला बजावलं होतं. दिनू आला की तू काही बोलू नको, त्याला सांगू दे."

मे, जून, जुलै, ऑगस्ट. मी बोटं मोजली. वहिनींनी कप उचलले आणि आत गेल्या.

मला वाटलं, माझा शर्ट तू सोलला असशील. मी तुझा सोलला होता, मग तू का नाही? तुझ्या जागी मी असतो तर सोलून, चुरगाळून, फोटो काढून पाठवला असता. तो शर्ट गेला असेल, तर मी सुटलो, हिशोब सरळ झाला, असंही काहीतरी डोक्यात होतं. राहवेना, म्हणून काल संध्याकाळी बोळिंजला गेलो. मृणालला तू गेल्याचं माहीत नव्हतं. ती दारातच डोळे पुसायला लागली, आणि तिची आई आतून कोण आहे, कोण आहे म्हणत बाहेर आली. मी म्हटलं, काही नाही, बाहुला बघायचाय. त्या माउलीने शोकेस उघडली आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

शर्ट माझाच होता, इनास. मशीनचा काप मला अंधारातही ओळखू येईल. कोपरासुद्धा उचललेला नव्हता. त्याच्यावर, खिशाच्या खाली, तुझा डाग. पण तिळाएवढा नाही. चांगला मुगाएवढा, ओघळ आलेला, लांबून दिसेल असा.

मी विचारलं, हा एवढा मोठा कसा? मृणाल रडत होती ती मध्येच हसली. म्हणाली, मीही काकांना तेच विचारलं. तर म्हणाले, "शर्ट राहू दे, माझ्या पार्टनरने कापलाय, तुझ्या बाबांना छान बसलाय. डाग मात्र मोठा कापतो. नाहीतर तो पुन्हा कचरा समजून उचलेल."

मी तिथेच, त्यांच्या सोफ्यावर बसलो. बाई पाणी घेऊन आल्या.

तुला माहीत होतं. त्या सोमवारीच कळलं असणार तुला, गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिलास तेव्हाच. मग भांडत कशाला बसलास माझ्याशी? सरळ म्हणायचं होतंस, दिन्या, कचरा वाटला ना तुला? मी हो म्हटलं असतं.

नाही. नसतं म्हटलं. तेही तुला माहीत होतं.